बटणाची नानकटाई

बटाटा आपला नाही, हे ऐकून वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली आणि मला मात्र कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

रहिमतपूरच्या वाचनालयात नवरात्रात व्याख्यानं असतात. माझे मिस्टर, सुभेदार मानसिंग, फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्यातलं एकही चुकवायचे नाहीत. पहिल्या रांगेत असे ताठ बसायचे, जणू वक्ता आता हुकूम सोडणार. शेजारी मी. गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. दारातल्या पेरूला पाणी घालताना खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यामुळं मी, म्हणजे अंजनानं, नवरात्रात व्याख्यानाला जावं हे आमच्या गल्लीला पटलं नव्हतं. न पटू दे. मी गेले आणि मागं दाराजवळच्या खुर्चीत बसले.

सांगलीहून प्रियदर्शनी नावाच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. विषय होता आपल्या ताटाचा इतिहास. मिरची परदेशी, शेंगदाणा परदेशी, साबुदाणा परदेशी, बटाटा तर सातासमुद्रापलीकडचा. एक एक पदार्थ त्या ताटातून उचलून बाजूला ठेवत होत्या आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे उतरत होते. सगळ्यांचे नवरात्राचे उपास होते ना! दुपारी साबुदाण्याची खिचडी हाणूनच आले होते सगळे.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले. पहिल्यांदाच उठले असेन.

"बाई, मग बटाटा उपासाला चालतो, हे ठरवलं कुणी?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याची नोंद कुठंच सापडत नाही. पण मला वाटतं, कुणीतरी एका बाईनं पहिल्यांदा उकडून खाल्ला असेल. आभाळ कोसळलं नाही. मग शेजारणीनं खाल्ला."

"आणि भट्टीतलं? नानकटाई, बिस्किटं?"

"भट्टी आपल्याकडं उशिरा आली. जुने नियम झाले तेव्हा बायकांपुढं चूल होती, तवा होता, कढई होती. म्हणून नियमही त्यांचेच झाले. भट्टीबद्दल जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नाही."

मी खाली बसले. पुढचे प्रश्न मला ऐकूच आले नाहीत.

आता हे मला एवढं का लागलं ते सांगते. आमच्यात घरात मयत झालं की वर्षभर सणाला कढई चढवत नाहीत. तळण नाही, फराळ नाही. भावकीतून ताटं येतात, ती खायची. नियम तसा वाईट नाही. जिच्या घरातलं माणूस गेलं तिला पहिल्या दिवाळीत चकल्या पाडायला कुठं हात उचलतो? पण माझी गोष्ट वेगळी होती. माझी एकुलती एक पोरगी, क्रांती, सीमा सुरक्षा दलात आहे. राजस्थानात, सीमेवर. दर दिवाळीला माझा पत्र्याचा मोठा डबा तिच्याकडं जातो. तिच्या पलटणीतल्या पोरी, कुणी बंगालची, कुणी पंजाबची, डब्याभोवती बसतात आणि घटकाभरात तळ दिसतो. पोरीची दिवाळी म्हणजे तो डबा. दुसरं तिथं वाळूच आहे.

माझे थोरले दीर भाऊसो दसऱ्याच्या आधीच येऊन सांगून गेले होते. "अंजना, यंदा कढई न्हाई. पोरीचा डबा बी न्हाई. ताटं येतील तुला." गावात कुणाचं लग्न असो की मयत, भाऊसोंना विचारल्याशिवाय पान हलत नाही. ते सांगतात, लोक मान डोलावतात. मीही बत्तीस दातांमागं जीभ ठेवून गप्प बसले. पण ताटं येतील हे काही गळी उतरलं नाही. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, आणि माझा हात आजवर कधी खाली नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात खदखदत होती. बाप गेला तेव्हा क्रांती विमान, रेल्वे, मिळेल ते पकडून वर्दीतच स्मशानात पोचली. मडकं धरायला पुढं झाली तर भाऊसोंनी तिला हातानं बाजूला केलं. "पोरींनी धरायचं नसतंय." मडकं धरलं त्यांच्या पोरानं, शिवतेजनं, आणि माझी पोरगी चितेपासून लांब सॅल्यूट करून उभी राहिली. मी तेव्हा भानावर नव्हते. आता होते.

व्याख्यानाहून आल्यावर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, यंदा डबा नको गं. भाऊसो काका चिडतील." बघा! रायफल घेऊन देशाच्या वेशीवर उभी राहते आणि भाऊसोंना भिते.

"तू तुझी सीमा सांभाळ," मी म्हटलं. "हितलं मी बघते."

आमच्या खालच्या पेठेत याकूबची भट्टी आहे. दिवाळीआधी सगळं गाव तिथं लोटतं. मैदा, तूप, पिठीसाखर ज्याचं त्यानं घरून न्यायचं, तिथल्याच पराती घेऊन तूप हातानं फेटायचं, गोळे करायचे आणि याकूबच्या पत्र्यावर मांडून द्यायचे. पत्रे सारखे, गोळे सारखे. मग कुणाची नानकटाई कुठली हे कळायला प्रत्येक घराची एक खूण असते. कुणी वर लवंग खोचतं, कुणी चारोळी, कुणी काट्यानं रेघा ओढतं. आमची खूण म्हणजे बटण. मिस्टरांच्या वर्दीचं पितळी बटण. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते सुट्टीवर आले होते, मला खूण सुचेना, तर त्यांनी सरळ अंगातल्या कोटाचं बटण तोडलं आणि गोळ्यावर दाबलं. तेव्हापासून सगळी पेठ त्याला फौजीची नानकटाई म्हणते. बटण वर्षभर देव्हाऱ्यात असतं आणि दिवाळीला भट्टीवर जातं.

मी पिशवी घेऊन भट्टीवर गेले तशा बायका बोलायच्या थांबल्या. नुसत्या थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण एकीनं आपली परात उचलून माझ्यापासून लांब नेली, मला काही देवी आल्या असाव्यात तशी. मी मधोमध बसले, तूप ओतलं आणि फेटायला लागले. रांगेत भाऊसोंची बायको शालनही होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

गोळे करून झाले तसा याकूब जवळ आला. भला माणूस, पण भित्रा. हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? भाजून देतो मी. पण वर खूण नका करू. बिनखुणेची आसली तर कुणाची म्हणून कुणाला कळायचं न्हाई. तुमचं काम व्हईल, माझ्यावर बी येणार न्हाई. मला गावात ऱ्हायचंय."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. क्षणभर मलाही वाटलं, घ्यावं भाजून. पोरीला डबा मिळाल्याशी कारण. खुणेशी काय देणंघेणं? पण मग डोळ्यांपुढं ती स्मशानात लांब उभी राहिलेली दिसली. बाजूला हो, दिसू नको, गुपचूप कर. मायलेकींनी किती दिवस हेच करायचं?

"याकूबभाई, चोरून खायला घालायचं आसतं तर अंधारात आले आसते," मी म्हटलं आणि कनवटीचं बटण काढलं.

गल्ल्यावर त्याची आई जन्नतबी बसली होती. म्हातारी ऐकू येत नसल्याचं सोंग करते आणि सगळं ऐकते. ती तिथूनच म्हणाली, "दाब की गं मग. वाट कुणाची बघतीस?"

मी दाबायला लागले. एकेका गोळ्यावर बटण. त्यावरचं चिन्ह झिजून झिजून पुसट झालंय, पण कडेचा गोल अजून नेमका उठतो. बायका बघत होत्या. सांगते तुम्हाला, ते गेल्यापासून पहिल्यांदाच मला ते जवळ असल्यासारखे वाटले आणि रडू यायच्या आत पत्रा भरून काढायचा होता.

शेवटचे चार गोळे राहिले असतील, तेवढ्यात भाऊसो दारात. कुणीतरी फोन केला असणार. आमच्या गावात बातमीला पाय नसतात, मोबाइल असतो.

"अंजना, काय चाललंय हे?"

"नानकटाई."

"दिसतंय मला. घरात दुखवटा हाय."

"म्हणूनच हितं आले. तुमी म्हणालता, वर्सभर कढई न्हाई. हितं कढई कुठं हाय? दावा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसोंचे कान लाल झाले.

"शब्दात धरू नगंस. कढई न्हाई म्हंजे गोडधोड काय बी न्हाई. भट्टी बी न्हाई."

"आवं, हे कवा ठरलं?"

"मी सांगतोय नव्हं!"

"आस्सं. म्हंजे नियम न्हवता. तुमी आत्ता हितं उभं ऱ्हाऊन केला."

मी इथंच थांबले असते, शपथेवर सांगते. भट्टीचं चालतं एवढंच मला मिळवायचं होतं. पळवाट सापडली होती आणि मी तिच्यातून निघाले होते. पण भाऊसोंना शेवटचा शब्द आपला लागतो.

"त्या पोरीचे लाड लय झाले," ते म्हणाले. "बाप जाळून आली आन तिला फराळ पायजे. लाज न्हाई."

माझ्या हातातलं बटण पत्र्यावर पडलं. एवढा आवाज झाला की भट्टीवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"भाऊसो," मी उभी राहिले, "आक्का गेल्या तवाची गोष्ट इसरलासा व्हय?" आक्का म्हणजे त्यांची पहिली बायको. माझी थोरली जाऊ, मला थोरल्या बहिणीसारखी. "आक्काला जाऊन वरीस सोडा, सा म्हैनं झालं न्हवतं. तुमी बोहल्यावर चढलासा. घराला बाई पायजे, शिवतेज ल्हान हाय, समद्यांनी मान डोलावली. मी बी डोलावली. त्या लग्नाच्या बुंदीला कढई चढली का न्हाई? माझ्याच सैपाकघरातली कढई हुती ती. आक्काच्या नावानं डोळं पुसत पुसत मीच बुंदी पाडली. तवा दुखवटा कुठं गेलता तुमचा?"

परातींवरच्या बायका शालनकडं बघायला लागल्या. 

शालनचा चेहरा मला दिसला आणि तेवढ्यापुरतं वाईट वाटलं. लग्न तिचं होतं, तिचा काय गुन्हा? पण बोललेलं परत घेणार नव्हते. खरं होतं ते.

"ते येगळं हुतं," भाऊसो म्हणाले.

"व्हय. तुमी पुरुष हुता."

ते माझा नाद सोडून याकूबकडं वळले. ज्याच्यावर जोर चालतो त्याच्याकडंच माणूस वळतो. "याकूब, ह्यो पत्रा आत गेला तर आमच्या भावकीतलं एक बी घर तुझ्या भट्टीवर येणार न्हाई. इचार कर."

याकूब माझ्याकडं बघेना, त्यांच्याकडंही बघेना. भावकी मोठी आहे आमची. त्याच्या दिवाळीतला निम्मा धंदा आमच्या आडनावाचा. मी त्याला दोष दिला नसता. पण जन्नतबी गल्ल्यावरून उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत आली, पडलेलं बटण राहिलेल्या गोळ्यांवर दाबून माझ्या हातात दिलं, आणि माझा पत्रा स्वतः उचलून भट्टीच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"आमच्यात बी समदे नियम बायकांलाच," ती म्हणाली. "मला बी कोंडून बसवलं हुतं याचा बाप गेल्यावर. भट्टी बंद पडायला आलती, तवा एक जण आला न्हाई भाकर घेऊन. याकूब, सरकव आत."

याकूबनं लांब दांड्याचं लाकडी फावडं घेतलं आणि पत्रा आत सरकवला.

"आजपासनं तुझ्या दारात आमचा पाय पडायचा न्हाई," भाऊसो मला म्हणाले.

"नका पडू दिऊ. डबा जाणार."

ते गेले. शालन त्यांच्यामागं गेली, पण तिचा पत्रा मात्र भट्टीवरच राहिला. भाजून घेतला जन्नतबीनं तो पण.

नानकटाई घेऊन घरी आले. डब्यात भरली तर अर्धा डबा झाला. वर रिकामं. त्या रिकाम्या जागेकडं मी बघत बसले. तिथं दरवर्षी चकली असते. क्रांतीला नानकटाई आवडते, पण चकलीसाठी ती जीव टाकते. मी स्वतःशीच म्हटलं, अंजना, तू भट्टीवर एवढी गरजलीस, बुंदीचा इतिहास काढलास, आणि घरी येऊन परत कढईला भितेस? पळवाटेनं बाहेर पडलेलं माणूस पळून गेलेलंच असतं. आणि मी काही पळत नव्हते. माझ्याच घरात, माझ्याच सैपाकघरात कशाला पळू?

खुंटीवरची कढई काढली. धुतली. भाजणी घरात होतीच, श्रावणात मिस्टरांनीच गिरणीतून दळून आणली होती, गौरीसाठी. त्यांनी आणलेलं ते शेवटचं पीठ. ते मी कुणाला देणार नव्हते आणि टाकणारही नव्हते.

तेल तापलं तसं मी पुढचं दार सताड उघडलं. खिडक्या उघडल्या. पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला. चकलीचा वास लपत नाही आणि मला तो लपवायचाही नव्हता. जाऊ दे गल्लीभर. भाऊसोंच्या ओसरीपर्यंत जाऊ दे. समोरच्या काकू दारात येऊन नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी झारा हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हटलं, "काकू, या की, मीठ बघा." त्या आत पळाल्या. पहिली चकली मी मिस्टरांच्या फोटोपुढं ठेवली. त्यांनाही भाजणीची चकली लय आवडायची, आणि वर्षभर उपाशी ठेवायला ते काही माझे वैरी नव्हते.

आमच्याकडं डबे पोस्टानं जात नाहीत. सुट्टी संपवून परत निघालेल्या जवानाबरोबर जातात. गल्लीतला वीरधवल दुसऱ्या दिवशी जयपूरकडं निघाला होता. तो येईल की नाही याची मला शंका होती, कारण त्याचे वडील भाऊसोंच्या शब्दाबाहेर नाहीत. पण तो आला, वर्दीत, मिस्टरांच्या फोटोला कडक सॅल्यूट ठोकला आणि डबा खांद्यावर घेतला. "काकी, झाकण घट्ट बशिवलंय न्हवं? वाटंत वास आला तर माझं काय खरं न्हाई."

त्या दिवाळीत माझ्याकडं एकाही घरातून ताट आलं नाही. पाडव्याला मात्र मागच्या दारावर टकटक झाली. शालन होती, पदराखाली करंज्या. मला म्हणाली, "ताई, माझ्या लग्नाचं तुमी बोललासा त्ये खरंच हुतं." मी तिला म्हटलं, "आत ये. पण पुन्यांदा येशील तवा पुढच्या दारानं ये." ती आत आली, बसली, दोन चकल्या खाऊन गेली.

क्रांतीचा फोन आला तेव्हा मागं पोरींचा नुसता दंगा चालला होता. "आई, नानकटाईवर बाबांचं बटण हाय," ती म्हणाली. "चकल्या बी हायत. कढई लावलीस तू?"

"लावली."

त्यावर तिचा आवाज आला, ड्युटीवरचा, खणखणीत. "वर्षश्राद्धाला मी सुट्टी काढून येणार. पाणी मी सोडणार बाबांना. शिवतेजला सांगून ठेव."

आली. तिनंच सोडलं. भाऊसो आले नाहीत, आणि त्यांच्यावाचून काही अडलं नाही. शिवतेज मात्र आला आणि तिच्यामागं गुपचूप उभा राहिला.

यंदाच्या दिवाळीआधी दुपारी माझ्या दारात उत्कर्षा येऊन उभी राहिली. खालच्या आळीची. तिचा नवरा शिरवळच्या कंपनीत कामाला होता, गणपतीत मोटारसायकलवरून येताना गेला. पदरात दोन लेकरं. उंबऱ्याच्या बाहेरच घुटमळत होती.

"काकी, वर्साच्या आत भट्टीचं चालतं म्हणं. तुमी केलंतं. लेकरं नानकटाई मागत्यात, म्हणून इचारायला आले."

"भट्टीचं चालतं," मी म्हटलं. "कढईचं बी चालतं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "खरं? आन ते कुणी ठरवलं, काकी?"

मी आत गेले, खुंटीवरची कढई काढली आणि आणून तिच्या हातात दिली.

"मी," म्हटलं.